देवीच्या उजवीकडचा पंखा

गोकुळदास शेट्याच्या घरात देवीला विचारल्याशिवाय पान हलत नसे, आणि देवीला विचारल्यावरही बहुतेक पानं जागच्या जागीच राहत. कारण देवी कडक होती. फ्रिज घ्यायचं मनात आलं तेव्हा गोकुळदास आंघोळ करून ओल्या पंचाने देवळात गेला. देवीने नको म्हटलं. वर्षभराने परत विचारलं, परत नको. त्याची विधवा बहीण गंगा, सगळ्या वाड्याची गंगाआते, चुलीपुढून म्हणाली, "देवीक थंड पाणी बाधता काय रे?" गोकुळदासने तिच्याकडे असं पाहिलं की तिने मुकाट्याने लाकूड पुढे सारलं. फ्रिज काही आला नाही.

पेडण्याहून मोप्याकडे निघालं की सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, पायथ्याशी गाव लागतं. तिठ्यावर गोकुळदासचं दुकान. तांदूळ, साखर, घासलेट, काड्यापेट्या, कुलपं, वह्या, आणि सकाळी पोदेर टाकून जाई ते पाव. दुकानात एक टेबलफॅन होता आणि एक जुना दोन पारड्यांचा तराजू. गोकुळदासची एक सवय अख्ख्या गावाला पाठ होती. गिऱ्हाईक आलं, माल काढला, की तो आधी हात लांब करून फॅन बंद करी, पारडी थांबू देई, मग वजन टाकी. मे महिन्यात माणसं घामाने निथळत उभी असत. कुणी कुरकुरलं तर म्हणे, "तोलताना वारो नको." वाऱ्याने पारडं दबतं आणि ते नेमकं दुकानदाराच्याच सोयीने दबतं, असं त्याचं म्हणणं. पलीकडच्या दुकानात तोलताना फॅन भरारा फिरे, आणि तिथे गर्दीही जास्त असे. लोकांना गार वारा हवा असतो. साखर चिमूटभर कमी आली तर कोण बघतो!

तर अशा या माणसाची एकुलती एक मुलगी सुमंगला. ती ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. हॉस्टेलवर राही, शनिवारी म्हापशाला बस बदलून, कोलवाळचा पूल ओलांडून घरी येई. बसमध्ये ओळखीची कुणी भेटलीच तर प्रश्न ठरलेला. "फिजिक्स म्हणजे काय गो? डॉक्टर?" नाही. "मगे इंजिनेर?" नाही. "मगे शिकतस कित्याक?" यावर सुमंगला नुसती हसे आणि बसच्या जनेलातून बाहेर बघे.

ते दिवस गोव्यात सगळंच नवं असण्याचे होते. घटकराज्य झालं होतं. भाषेवरून डोकी फुटायची ती फुटून झाली होती. शेट्याच्या घरात पेपर मराठी येई, भांडण कोकणीत होई आणि पोरगी इंग्रजीत परीक्षा देई. देवी मात्र या भानगडीत पडत नसे. ती बोलतच नसे, ती पाकळी पाडी.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बाबली गुरव देवीच्या काळ्या पाषाणावर पिटकोळीच्या फुलाच्या दोन तांबड्या पाकळ्या पाण्याने चिकटवी, एक देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घाली, प्रश्न मांडी, आणि सगळे हात जोडून बसून राहत. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नको. एकदा सांगितलं की सांगितलं. त्याच्यावर अपील नाही.

सुमंगला लहानपणी आईच्या मांडीला टेकून हे बघत बसे. एकदा तिने विचारलं होतं, "आई, पाकळी पडली कशी?" कमल, तिची आई, म्हणाली, "देवीन पाडली." "पण मग चिकटली कशी?" कमलला हसू आवरेना. देवळात हसायचं नसतं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. "तां तू मोठी होऊन शिक आनि माका सांग," ती म्हणाली. सुमंगला फिजिक्सला का गेली याचं खरं उत्तर हे होतं, पण ते बसमधल्या बायकांना काय सांगणार.

कमलला सांगायची वेळ आलीच नाही. सुमंगला आठवीत असताना कमलच्या पोटात गाठ निघाली. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, उशीर करू नका. गोकुळदासने देवीला विचारलं. सुमंगला खांबाला टेकून बसली होती. डावी पडली. मुंबई राहिली. गावठी औषधं झाली, अंगारे झाले, आणि श्रावणात कमल गेली. गावात कुणी गोकुळदासला बोल लावला नाही. देवीचीच इच्छा, तिथे माणसाचं काय चालणार! गोकुळदासही तेच म्हणे. पुढे कितीतरी दिवस तो तेवढंच एक वाक्य म्हणे, आणि त्या वाक्याच्या आधारावरच तो उभा राहिला, दुकान उघडू लागला, जेवू लागला. दुसरं लग्न कर म्हणून लोक मागे लागले तेव्हा मात्र त्याने देवीला विचारलंच नाही. सरळ नाही म्हणाला.

घटकराज्याच्या साली देवळात पंखा आला. मुंबईला असलेल्या एका महाजनाने आपल्या वडिलांच्या नावे दिला होता. दात्याची हौस अशी दांडगी की नाव त्याने भिंतीवर नाही, पंख्याच्या पात्यांवरच रंगवून घेतलं होतं. म्हणजे पंखा फिरत असला की नाव वाचता येत नसे, आणि बाबली गुरव गाभाऱ्यात असला की पंखा फिरतच असे. तो लावला होता देवीच्या उजवीकडच्या भिंतीवर. मान वळवणारा पंखा होता, पण पहिल्याच पावसाळ्यात मान अडकली आणि वारा कायमचा देवीच्या उजव्या खांद्यावर लागला.

आणि मग देवी बदलली. ज्याला त्याला उजवी! लग्नं जमली, विहिरी खोदल्या गेल्या, पोरं आखातात गेली. वर्षानुवर्षं नको म्हणणारी देवी एकदम होयबा झाली. लोक म्हणू लागले, घटकराज्य झालं आणि देवी प्रसन्न झाली. लांबलांबच्या गावांची माणसं पाकळी लावायला येऊ लागली. बाबलीची चंगळ झाली. गंगाआतेने भावाच्या मागे लागून तिसऱ्यांदा फ्रिजचं विचारायला लावलं. उजवी! आतेने ताबडतोब स्वयंपाकघराचा कोपरा झाडून घेतला. पण गोकुळदासने फ्रिज काही आणला नाही. विचारलं की म्हणे, "बघूया." का ते कुणाला कळेना, आणि आतेने पुढे बरेच दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं.

दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा सुमंगलाने नेवगी सरांना सांगितलं, उभ्या काचेवर पाण्याच्या थराने चिकटवलेली पातळ काच किती वेळ टिकते आणि कधी पडते, हे बघायचं आहे. वारा दिला तर काय होतं, ऊब दिली तर काय होतं. सरांनी विचारलं, "हे कुठून सुचलं तुला?" मग तिने पाकळ्या सांगितल्या आणि पंखा सांगितला. वाऱ्याने त्या बाजूचं पाणी आधी सुकतं, पाकळी आधी पडते, देवी होय म्हणते. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढे वर्गात, कॅन्टीनमध्ये, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर ते ही गोष्ट सांगत. "आमच्या सुमंगलाची पंख्याची देवी!" तीही हसे. हसण्यासारखीच गोष्ट होती.

पण ती अर्धी गोष्ट होती. उरलेली अर्धी तिला नंतर कळली. एका दुपारी तिने काचेच्या एका बाजूला वात पेटवून ठेवली आणि बघत बसली. दिव्याकडची काच आधी पडली. पुन्हा केलं, पुन्हा तीच. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे गाभारा आला. देवीच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या जवळ, नंदादीप टांगलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. पंखा यायच्या आधी गाभाऱ्यात वारा कसला तो नव्हता. होती ती फक्त त्या दिव्याची ऊब. म्हणून देवी कडक होती. म्हणून फ्रिज नको. म्हणून मुंबई नको. त्या दिवशी ती मेसमध्ये जेवायला गेली नाही. खाटेवर पडून राहिली आणि आईला जोरजोराने सांगावंसं वाटत राहिलं, आई, मला कळलं कशी पडली ते. ही अर्धी गोष्ट तिने सरांना सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही.

एम.एस्सी.चा निकाल चांगला लागला. नेवगी सरांनी पुण्याच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांशी बोलून ठेवलं होतं. ते तिला पीएच.डी.ला घ्यायला तयार होते. शिष्यवृत्ती मिळाली होती. फक्त महिन्याअखेरीपर्यंत येते की नाही ते कळवायचं होतं. सुमंगलाला जायचं होतं. असं तसं नाही, जीव टाकून जायचं होतं. काचेचं काम अर्धवट राहिलं होतं, त्याच्यापुढे कितीतरी होतं, आणि ते करणारी माणसं पुण्याला होती. घरी तिने आडवळणाने सांगून ठेवलं होतं. गोकुळदास "हूं" म्हणाला होता.

आणि नेमकं तेव्हाच पेडण्याला नवं हायर सेकंडरी निघालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! हेडमास्तर स्वतः दुकानात आले, कदेल ओढून बसले, लिंबू सोडा प्याले आणि म्हणाले, "गोकुळदासबाब, तुमच्या मुलीसारखी फिजिक्सची शिक्षिका आम्हाला तालुक्यात मिळायची नाही. जागा कायमची आहे. उद्या हो म्हणा." घटकराज्य झाल्यापासून कायमची नोकरी म्हणजे काय चीज होती ते गोव्याच्या माणसाला सांगायला नको. लोक तिच्यासाठी देव पाण्यात घालून बसत. इथे ती सोडा पीत दारात बसली होती.

त्या शनिवारी सुमंगला हॉस्टेलवरचं सामान आवरून घरी आली. जेवणं झाल्यावर गोकुळदास म्हणाला, "देवीक विचारूया. नोकरी धरूया काय, म्हणून."

सुमंगला भिंतीला टेकून बसली होती, ती ताठ झाली. तिचं डोकं भराभर चालू लागलं. नोकरी धरूया काय? पंखा फिरतोय. उजवी पडणार. उजवी म्हणजे होय. होय म्हणजे नोकरी. झालं, पुणं संपलं! पण प्रश्नच उलटा केला तर?

"बाबा," ती म्हणाली, "तसां नको विचारू. पुण्याक धाडूया काय, असां विचार."

"दोनय एकच ना?"

"एकच तर."

ती इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. गंगाआतेने भांडी घासता घासता वर पाहिलं आणि पुन्हा राखेत हात घातला. गोकुळदासने जरा विचार केला. "बरां," तो म्हणाला. "पुण्याक धाडूया काय, असांच विचारूया."

तिला लाज वाटली का? वाटली, थोडी. बापाला फसवतोय हे कळत होतं. पण तिने स्वतःला समजावलं की सगळा गाव त्या पंख्यावर तरून गेला. आपण एकदा तरलो तर काय बिघडलं. देवीने या घराला आजवर दिलं तरी काय होतं? रात्री तिला छान झोप लागली.

मंगळवारी सकाळी तिघं देवळात गेली. बाबली गुरव पंख्याखाली पाय पसरून बसला होता, तो उठला. नारळ झाला, फुलं झाली. बाबलीने ताटलीतून दोन पाकळ्या निवडल्या, पाण्यात बुडवल्या, एक उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या. सुमंगलाने पाहिलं: उजवीकडची पाकळी वाऱ्याने आत्ताच कडेला थरथरू लागली होती. बाबलीने घसा साफ करून गाऱ्हाणं घातलं.

"हे माये, बारा-पाचाचे माउली! आज हो तुझो लेकरू गोकुळदास तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय माये," आते म्हणाली.

"...तेच्या चेडवाचा शिक्षण पुरा झाला. आता तेका पुढच्या शिक्षणाक पुण्याक धाडूचा काय न्हय, ह्यो तेच्या मनाचो घोर आसा. धाडूचा आसात तर उजवी दी. नाय तर डावी दी. लेकराची वाट मोकळी कर!"

"व्हय माये."

बाबली मागे सरला आणि आपल्या जागेवर, वाऱ्याच्या झोतात बसला. सुमंगलाने हात जोडले. आता फार वेळ लागणार नव्हता.

गोकुळदास उठला. तो देवीकडे गेला नाही. भिंतीकडे गेला आणि त्याने बटण दाबलं.

"बंद कित्याक केलंस?" बाबली म्हणाला. "उकडता रे."

"तोलताना वारो नको," गोकुळदास म्हणाला.

बाबलीला काही समजलं नाही, की समजूनही त्याने तसं दाखवलं नाही, कोण जाणे. गोकुळदास परत येऊन मुलीशेजारी बसला आणि हळू आवाजात, जणू काही चूकच केल्यासारखा तिला म्हणाला, "गावाक मिळता तसां उत्तर माका नको. तुझो प्रश्न आसा. खरां काय तां देवीन सांगूक व्हया."

पंखा हळू झाला, मग थांबला. पात्यांवरची अक्षरं दिसू लागली. कै. सखाराम यांच्या स्मरणार्थ. इतक्या वर्षांत सुमंगलाने ते नाव पहिल्यांदाच वाचलं.

उजवीकडची पाकळी थरथरायची थांबली. आणि डावीकडे नंदादीपाची ज्योत, जी एवढा वेळ वाऱ्याने फडफडत होती, ती सरळ उभी राहिली. सुमंगलाने तिच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पुढे काय होणार ते त्या गाभाऱ्यात फक्त तिला ठाऊक होतं. देवीलाही असेल तर असो.

बोलता आलं असतं. दिवा जरा बाजूला घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण का, असं कुणीतरी विचारलं असतं. तिने जोडलेले हात तसेच ठेवले. गाभाऱ्यात गरम होऊ लागलं. बाबली पंचाने मान पुसत होता. गोकुळदासचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

डावी पडली.

बाबलीने ती उचलून पानावर ठेवली आणि गोकुळदासच्या ओंजळीत दिली. "नको म्हणता," तो म्हणाला, आणि उठून त्याने पंखा लावला.

आते देवळातून परस्पर शेजारणीकडे गेली. बाप-लेक मळ्यातल्या वाटेने घरी निघाले. गोकुळदास पुढे, सुमंगला मागे. मळा निम्मा ओलांडेपर्यंत तो ओंजळीतली पाकळी सांभाळत चालला. मग पुढे बघतच म्हणाला, "माका वाटलेला उजवी देतली. तुझ्या ट्रंकेक कुलूप काढून ठेवलेला. बरां, पितळेचां."

म्हणजे त्यालाही तिला धाडायचंच होतं! सुमंगलाला राग आला. असा राग तिला कधी आला नव्हता. त्या पंख्याचा, त्या दिव्याचा, त्या गुरवाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. बापाने त्याच्या मनाने विचारलं असतं, नोकरी धरूया काय, तर याच डाव्या पाकळीने नोकरी नको म्हटलं असतं आणि ती आज पुण्याची तयारी करत असती. शहाणपणा करून प्रश्न तिने फिरवला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला! आणि फसवायला गेली कुणाला, तर तोलताना फॅन बंद करणाऱ्या माणसाला.

पण अजून सगळं गेलं नव्हतं. तिने ठरवलं, आता सांगून टाकायचं. दिव्याची ऊब, पाण्याचं सुकणं, सगळं. हवं तर घरी काच आणि वात घेऊन दाखवायचं. पाकळीला प्रश्न ऐकू येत नाही, बाबा. तू काहीही विचारलं असतंस तरी डावीच पडली असती. तो समजेल. पंख्याचं त्याला कुणी न सांगता समजलं होतं. ती दोन पावलं पुढे गेली. "बाबा," तिने हाक मारली.

गोकुळदास थांबला. वळला. पण त्याने तिला बोलू दिलं नाही, कारण त्याच्याही तोंडाशी काहीतरी आलं होतं.

"सुमा," तो म्हणाला, "तू शिकलंस, म्हणून विचारतंय. वाऱ्यान पाकळी पडता, तां माका कळता. पंखो इलो तेन्नाच कळला. पण वारो नसलो तर? तर देवीच पाडता ना?"

ती बघत राहिली.

"तुझ्या आवशीच्या येळेक पंखो नव्हतो," गोकुळदास म्हणाला.

त्याचे हात अजून ओंजळीसारखे होते, पानावर ती पाकळी होती. चेहरा मात्र तराजूच्या काट्याकडे बघणाऱ्या गिऱ्हाईकाचा असतो तसा होता. सुमंगलाला दिसलं की हा प्रश्न त्याने आज नाही, पंखा आला त्या दिवसापासून जवळ बाळगला आहे. फ्रिज आला नाही तो याच्यामुळेच. गावाला उत्तर वारा देतो, हे कळल्यावर त्याला पुढचा विचार सुचलाच असणार, आणि तो त्याने कुणालाच विचारला नव्हता. मुलगी एम.एस्सी. होईपर्यंत तो थांबला होता.

खरं उत्तर तिच्याकडे होतं. त्या उत्तराच्या एका टोकाला पुणं होतं आणि दुसऱ्या टोकाला तिची आई, मुंबईला न नेलेली. एक टोक उचललं तर दुसरं उचललं जाणारच होतं. तिने एकदा मनाशी पाहिलं, या माणसाला हे कळलं तर उद्या सकाळी तो दुकान उघडेल का. आणि तिला ते दिसेना.

"व्हय, बाबा," ती म्हणाली. "वारो नसलो की देवीच पाडता."

"नक्की?"

"नक्की. फिजिक्सात तसांच आसा."

गोकुळदासने मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. "मगे झालां," तो म्हणाला. "तिचीच इच्छा. आपून काय करतलो." आणि तो वळून चालू लागला, मघापेक्षा जरा भरभर. सुमंगला मागे राहिली आणि रडली. मोठ्याने नाही, पण लपवलंही नाही. मळ्यात बायका मिरची खुडत होत्या, त्यातल्या एकीने वर बघून विचारलं, काय झालं गो, आणि सुमंगलाने हातानेच काही नाही म्हणून सांगितलं.

दोन दिवसांनी नेवगी सरांचा दुकानात फोन आला. पुण्याहून त्यांना विचारणा झाली होती. गोकुळदास साखर काढत होता. सुमंगलाने फोन घेतला आणि सांगितलं, मी जात नाही, सर, पेडण्याला नोकरी धरली.

सरांना आधी समजलंच नाही, मग ते चिडले. "अगं, वेड लागलंय का तुला? एवढं काम केलंस ते कशासाठी? घरचे नाही म्हणतात का? मी येऊन बोलू वडिलांशी?"

"घरचे नाही म्हणत नाहीत, सर."

"मग कोण म्हणतं?"

गोकुळदासने साखर पारड्यात ओतली होती. त्याने हात लांब करून फॅन बंद केला आणि पारडी थांबायची वाट पाहत उभा राहिला. दुकान एकदम शांत झालं. तो ऐकत होता.

"देवीने नको म्हटलं," सुमंगला म्हणाली.

सर हसले. त्यांना ती गंमतच वाटली. "आता मला नको शिकवू," ते म्हणाले. "तुमची देवी कधी कुणाला नको म्हणते का? तूच सांगितलंस ना, तो पंखा!"

"पंखा बंद होता, सर," सुमंगला म्हणाली.